मनगटाचा सांधा बदलायचा का? हँड सर्जनची ओपीडी आणि मापाच्या स्प्लिंटचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, हा ऑपरेशनचा रिव्ह्यू नाही, ऑपरेशन अजून झालेलंच नाही. उजव्या मनगटाचा सांधा बदलायचा, कायमचा जाम करून टाकायचा, का आहे तसाच रेटायचा हे ठरवताना ज्या ज्या सर्व्हिस घेतल्या त्यांचा रिव्ह्यू आहे. म्हणजे एक हँड सर्जनची ओपीडी, एक हँड थेरपिस्ट मॅडमकडचं मापाने बनवलेलं स्प्लिंट (मनगट हलू नये म्हणून घालायचा कडक आधार), आणि मेडिकलमध्ये मिळतो तो काळा रेडीमेड पट्टा. नावं लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लोक बाकीचं वाचत नाहीत, नुसता नंबर मागतात.

तर आमची पिठाची गिरणी आहे, कराडला. वय पंचावन्न. गिरणीवाल्याचं मनगट म्हणजे काय ते बाहेरच्याला पटकन कळत नाही, लोकांना वाटतं बटण दाबलं की दळण होतं. दहा-पंधरा किलोचा डबा खालून उचलायचा, खांद्याच्या उंचीला नेऊन हॉपरमध्ये ओतायचा, खालचं कापडी तोंड झटकत राहायचं, भरलेला डबा परत उतरवायचा, आणि दगड गुळगुळीत झाले की हातोडी-छिन्नी घेऊन टाकी लावत, म्हणजे दगडाला परत खाचा पाडत बसायचं. टाकीच्या कामात प्रत्येक ठोका सरळ मनगटात येतो. गेली काही वर्षं असं झालं होतं की टाकी लावली की रात्री हात उशीवर ठेवून सुद्धा ठणका थांबायचा नाही, सकाळी चहाचा कप उचलताना दुसरा हात खाली धरायचा.

कारण जुनं आहे. तरुणपणी लुनावरून घसरलो होतो, पसरलेल्या तळहातावर सगळा भार आला. तेव्हा एक्स-रे काढला, फ्रॅक्चर दिसलं नाही, मुरगळलंय म्हणाले, लेप लावला, महिन्याभरात कामाला लागलो. आता कळलं की मनगटात जी आठ छोटी हाडं असतात त्यातलं स्कॅफॉइड नावाचं मोडलं होतं. हे हाड पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, आणि त्याला रक्त बोटांकडच्या टोकाने येतं, त्यामुळे मधे मोडलं की कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो आणि हाड जुळत नाही. न जुळलेलं हाड घेऊन माणूस वर्षानुवर्षं काम करतो, मग बाकीची हाडं हळूहळू जागेवरून सरकतात आणि आधी अंगठ्याच्या बाजूला, मग आत आत सांधा घासायला लागतो. याला डॉक्टर लोक स्नॅक रिस्ट म्हणतात. घरात कुणी तरुण पोरगं हात टेकून पडलं आणि अंगठ्याच्या मुळाशी जो खड्डा दिसतो तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे नॉर्मल आला तरी दहा-बारा दिवसांनी परत काढा नाहीतर एमआरआय करा, एवढं तरी या रिव्ह्यूतून घ्या.

घासायला लागतो म्हणजे काय हे मला समजवायची कुणाला गरज पडली नाही. गिरणीत दोन दगडांमधलं अंतर गेलं आणि दगडाला दगड लागला की पीठ जळतं, वास येतो, मशीन कण्हतं. माझ्या एक्स-रेत तेच दिसत होतं, एका जागी दोन हाडांमधली काळी फट गायबच.

आता पहिली सर्व्हिस. जवळच्याच एका ऑर्थोपेडिक क्लिनिकमध्ये गेलो, नाव नाही सांगत. भेट पाच मिनिटांची. एक्स-रे लाईटवर लावला आणि म्हणाले काका सांधा संपलाय, रिप्लेसमेंट करून टाका, गुडघ्यासारखंच असतं. मी विचारलं डबे उचलता येतील ना. म्हणाले हळूहळू सगळं येईल. बास. खर्चाचा कागद हातात दिला, आणि काउंटरवरच्या मुलीने कॅशलेस आहे का विचारलं. मला त्या वेळी बरंच वाटलं होतं खरं सांगायचं तर, बदलला की सुटलो असं. पण घरी आल्यावर मंडळींनी एकच प्रश्न विचारला की मनगट बदललेला एक तरी माणूस तुम्हाला माहितीये का. गुडघे बदललेले आमच्या गल्लीतच चार आहेत, खुबा बदललेले दोन आहेत, मनगट बदललेलं पाहुण्यारावळ्यांत सुद्धा कुणी निघेना. या प्रश्नामुळे पुण्याला जायचं ठरलं. स्टार द्यायचे तर पहिल्या क्लिनिकला दोन, त्यातला एक बसायला जागा चांगली होती म्हणून.

पुण्यातल्या हँड सर्जनची ओपीडी वेगळीच निघाली. नंबर लावून सुद्धा दोन तास बसावं लागलं, ही पहिली तक्रार, आणि वेटिंगमधला एसी इतका गार की दुखरं मनगट अजून ठणकायला लागलं. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी एक्स-रेला हातच लावला नाही. आधी विचारलं काम काय करता. गिरणी म्हणल्यावर डबा किती किलोचा, दिवसात साधारण किती उचलता, टाकी स्वतः लावता का माणूस आहे, गाडी कुठली चालवता, जेवता कुठल्या हाताने, तंबाखू खाता का, शुगर आहे का. मी म्हणलं डॉक्टर तुम्ही सोयरीक जुळवताय का काय. ते हसले पण प्रश्न थांबवले नाहीत. मग दोन्ही मनगटं कोनमापक लावून मोजली, किती वर जातं, किती खाली, किती बाजूला. मग जामर नावाचं एक यंत्र हातात दिलं, मूठ आवळली की काटा किती किलोचा जोर आहे ते सांगतो. डाव्या हाताच्या निम्म्याने सुद्धा उजवा भरत नव्हता, मी उजवा असून. हे आकड्यात बघितल्यावर जरा हललोच. नंतर दोन्ही हातांचे नवीन एक्स-रे, त्यात एक मूठ आवळून काढलेला, आणि सीटी स्कॅन, कुठला सांधा गेलाय आणि कुठला अजून शाबूत आहे ते बघायला. इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला की मनगट हा एक सांधा नाहीच, ते आठ हाडांचं एकत्र कुटुंब आहे आणि माझ्यात भांडण एका कोपऱ्यात आहे, सगळ्या घरात नाही.

रिप्लेसमेंटबद्दल ते जे बोलले ते जमेल तसं लिहितो, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणांना हेच ऐकायचं असणार.

सांधा बदलणे म्हणजे कोपरापुढच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडच्या हाडात, रेडियसमध्ये, धातूचा एक दांडा बसवतात, मनगटाची छोटी हाडं कापून सपाट करतात, त्यावर दुसरी धातूची पट्टी स्क्रूने बसवतात, आणि मधे बहुतेक वेळा खास प्लास्टिकची वाटी किंवा गोळा. दुखणं जातं आणि मनगट हलतं, हा त्याचा फायदा, आणि तो खरा आहे. अडचण पुढे आहे. छोट्या हाडांत बसवलेला तो बोटांकडचा भाग कालांतराने सैल होतो, मनगटाचे सांधे फेल जातात त्यात हे कारण सगळ्यात वरचं. गुडघ्याचं सांगायचं तर २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात १०० पैकी साधारण ८२ बदललेले गुडघे २५ वर्षं टिकलेले दिसले. मनगटाच्या सांध्याला असला भरवसा कुणी देत नाही. कंपनी आणि मॉडेलप्रमाणे आकडे इतके वरखाली आहेत की डॉक्टर म्हणाले मी तुम्हाला एक आकडा सांगितला तर ते खोटं होईल. काही मॉडेल तर बाजारातून गेलीच. तसा प्रयोग नवीन नाही, १८९० साली जर्मनीत ग्लूक नावाच्या सर्जनने हस्तिदंताचा मनगटाचा सांधा बसवला होता, नंतर १९६० च्या दशकात स्वॅन्सनचा सिलिकॉनचा आला, ते पुढे झिजायचे, तुटायचे. मग धातूचे आले. म्हणजे सव्वाशे वर्षांवर खटपट चालू आहे आणि अजून गुडघ्याची बरोबरी झालेली नाही, कारण मनगट वर-खाली आणि बाजूला असं दोन्हीकडे वाकतं, आणि हाडं आहेत सुपारीएवढी.

आणि मग आली खरी गोष्ट, जी पहिल्या क्लिनिकमध्ये कुणी उच्चारली नव्हती. बदललेल्या मनगटाने आयुष्यभर वजनाचं पथ्य. एका वेळी साडेचार-पाच किलोच्या वर नको, आणि सारखं सारखं उचलायचं असेल तर किलोभराला सुद्धा जपायचं. हातोडी नाही. ठोक्याचं काहीच नाही. तळहातावर भार देऊन उठायचं नाही. पुढेमागे पाय मोडला आणि कुबड्या लागल्या तर त्याही मनगटावर भार टाकतात म्हणून अडचण. मी मनातल्या मनात हिशोब केला, आमच्याकडे पाच किलोचं दळण घेऊन येणारे म्हणजे एकटे राहणारे कॉलेजची पोरं. बाकी सगळे त्याच्या वरचे. म्हणजे सांधा नवा आणि गिरणी बंद. डॉक्टर म्हणाले, तुमच्या कामाला मी हा सांधा बसवणार नाही, तुम्ही पैसे दिले तरी नाही. एवढ्या एका वाक्यासाठी माझ्याकडून एक स्टार जास्त.

मग कुणाला बसवता असं मी विचारलं, तर त्यांनी जे वर्णन केलं ते आमच्या थोरल्या वहिनींना हुबेहूब लागू. वहिनींना ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस (संधिवाताचा एक प्रकार) आहे, दोन्ही मनगटं, बोटं, खांदे, सगळंच. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे, त्याने बराच आवर बसलाय. जड काम त्यांना तसंही होत नाही, पण वेणी घालणं, ब्लाऊजचं मागचं हूक, आणि संडासला गेल्यावर धुणं, या तीन गोष्टींना मनगट वळायलाच लागतं, आणि बाजूचे सांधे पण दुखरे असल्याने दुसरीकडून भरपाई होत नाही. अशा माणसाला दोन्ही मनगटं जाम करून टाकली तर हाल होतात, म्हणून बऱ्याचदा एक जाम करतात आणि एक हलतं ठेवतात, आणि हलतं ठेवायला रिप्लेसमेंटचा विचार तिथे होतो. म्हणजे तेच ऑपरेशन वहिनींना विचार करण्यासारखं आणि मला घातक. आजार सारखाच दिसला तरी प्रश्न हात दिवसभर काय करतो हा आहे. आपल्याकडे उजवा असेल तर जेवणाचं बघावं लागतं आणि डावा असेल तर त्या दुसऱ्या कामाचं, डॉक्टरांनी हे सरळ तोंडावर विचारलं, लाजले नाहीत, मला ते आवडलं.

माझ्यापुढे उरले तीन रस्ते. पहिला, मनगट पूर्ण जाम. रेडियसपासून मधल्या बोटाच्या तळहातातल्या हाडापर्यंत एक लांब पट्टी, स्क्रू, आणि मनगट कायमचं एका जागी. ऐकायला भयंकर आहे पण ताकद मिळते, आणि एकदा हाड जुळलं की सैल व्हायला काही उरत नाही. दुसरा, अर्धवट जाम, फोर कॉर्नर फ्यूजन म्हणतात. त्यात मोडकं स्कॅफॉइड काढून टाकतात आणि बाजूची चार हाडं एकमेकांना जोडतात, बाकीचा शाबूत सांधा हलत राहतो. साधारण निम्मी हालचाल राहते आणि पकड दुसऱ्या हाताच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास येते. पण हाड जुळेपर्यंत दीड-दोन महिने प्लास्टर, आणि तंबाखू बंद म्हणजे बंदच, कारण निकोटीनमुळे हाड नीट जुळत नाही. या दोन्हीला तंबाखूची अट आहे. तिसरा रस्ता मला माहितच नव्हता, तो म्हणजे सांध्याला हातच लावायचा नाही, सांध्यातून दुखण्याची बातमी नेणारी नस कापायची.

हे ऐकून मी दचकलो, म्हणलं नस कापली तर बोटं जातील. तर नाही. मनगटाच्या मागच्या बाजूला जी नस कापतात ती त्या ठिकाणी पोचेपर्यंत बोटांचं काम संपवून आलेली असते, पुढे ती फक्त सांध्याची संवेदना नेते. कापली तर बोटं हलतात, कातडीला सुद्धा बधिरपणा येत नाही. झीज मात्र थांबत नाही, ती आत चालूच राहते, तुम्हाला फक्त कमी कळतं. आणि सगळ्यांना गुण येत नाही. पण या ऑपरेशनची ट्रायल घेता येते आणि बाकीच्यांची अशी घेता येत नाही, निदान मला तरी तसं वाटलं होतं, पुढे स्प्लिंटचं सांगतो.

ट्रायल अशी. डॉक्टरांनी आधी जामर आवळायला लावला, आकडा लिहिला, दुखणं दहापैकी किती विचारलं, मी सात म्हणलं. मग मनगटाच्या जरा वर, मागच्या बाजूने, बधिर करायचं इंजेक्शन दिलं. दातवाल्याकडे देतात त्याच जातीचं. टोचताना लागलं पण फार नाही. म्हणाले आता खाली जा, चहा प्या, ज्याने दुखतं ते सगळं करा आणि तासाभराने परत या. आता पुण्यात हॉस्पिटलच्या खाली मी डबे कुठून आणू. जिन्याजवळ पाण्याचे वीस लिटरचे जार ठेवले होते, वॉचमनला विचारून एक उचलला, ठेवला, परत उचलला. वॉचमनला वाटलं हा माणूस पळवतोय का काय. गेल्या दोन वर्षांत एका उचलीत वीस किलो वर आलेलं मला आठवत नाही, आणि तो आला. दुखलं, पण लांबून कुणीतरी बोलतंय असं. मंडळी बाजूला उभ्या होत्या, त्या म्हणाल्या आता ठेवा, भरती करून घ्यायला लावाल. वर जाऊन परत जामर आवळला तर काटा बराच पुढे गेला, म्हणजे ताकद होती, दुखण्यामुळे मेंदू सोडत नव्हता. दुखणं दहापैकी दोन. दोन-अडीच तासांनी औषध उतरलं आणि सगळं परत आपल्या जागी आलं, परतीच्या गाडीत नेहमीसारखा ठणका. डॉक्टरांनी बजावलं होतं की बधिर असताना जोश दाखवायचा नाही, कारण सांगणारा गप्प आहे म्हणून झीज गप्प नसते.

पण त्यांनी लगेच तारीख दिली नाही. म्हणाले हे करू, पण उद्या चार-सहा वर्षांनी झीज वाढली आणि फ्यूजनवर यायला लागलं तर ते तुम्हाला जमेल का हे आत्ताच बघून घ्या, म्हणजे पुढचा रस्ता माहीत असताना पहिलं पाऊल टाका. त्यासाठी थेरपिस्टकडे पाठवलं.

थेरपिस्ट मॅडमची खोली म्हणजे एक टेबल, गरम पाण्याचा चौकोनी ट्रे आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या शीट. हाताचा कागदावर ठसा काढला, शीट कापली, गरम पाण्यात टाकली, ती पापडाच्या लाटीसारखी मऊ झाली, पुसून माझ्या हातावर गुंडाळली आणि गार होईपर्यंत धरून बसल्या. मनगट किंचित मागे, दहा-पंधरा अंश, कारण मनगट जरा मागे असलं की मूठ घट्ट बसते, फ्यूजन सुद्धा साधारण तसंच करतात. गार झाल्यावर ते प्लास्टिक दगड. बोटं मोकळी, अंगठा मोकळा, कोपर मोकळं, मनगट शून्य. मॅडम म्हणाल्या आता हे घालून संसार करा, अंघोळीला काढा, आणि काय काय अडलं ते वहीत लिहा.

लिहिलं. वहीचा सारांश असा की मला वाटलं होतं ते अडलं नाही आणि जे सुचलंही नव्हतं ते अडलं. कुलूप उघडताना किल्ली फिरते, स्क्रू ड्रायव्हर फिरतो, कारण ते फिरणं मनगटात नसतंच, कोपरापासून पुढची दोन हाडं एकमेकांवर फिरतात, ती मोकळीच राहतात. जेवण जमलं, वरणभात सुद्धा, घास तोंडाशी नेताना खांदा जरा जास्त उचलावा लागतो एवढंच, पंगतीत शेजारच्याला कोपर लागेल हा धोका. पेन धरणं ठीक. डबा उचलणं चक्क बरं झालं, कारण मनगट वाकत नसल्याने दुखत नाही. पण डबा ओतताना शेवटचं पीठ, धान्य झटकायला मनगटाचा जो झोल लागतो तो नाही, त्यामुळे सगळं अंग वाकवावं लागतं आणि संध्याकाळी खांदा भरून येतो. स्कूटरचा ॲक्सिलरेटर हे मोठं अवघड. स्टँडवर गाडी बंद ठेवून करून बघितलं (स्प्लिंट घालून रस्त्यावर गाडी चालवू नका, मॅडमनी सक्त सांगितलंय), मूठ पिळायला कोपर वर-खाली करावं लागतं आणि ब्रेकवरची बोटं सुटतात. अरुंद तोंडाच्या बरणीत हात जातो पण आत वळत नाही. ओला टॉवेल पिळणं अर्धं. नमस्कार करताना हात जुळत नाहीत, बोटांची टोकं लागतात आणि तळवे लांब राहतात, गणपतीत आरतीला टाळ वाजवायला घेतला तर उजवा हात नुसता हातोड्यासारखा खाली वर. त्यावर शेजारचे काका म्हणाले टाळ्या तरी वाजव.

आणि टाकी. टाकी लावताना स्प्लिंटमध्ये ठोका कोपरापर्यंत जातो. म्हणजे पूर्ण जाम केलं तरी टाकी माझ्या हाताने पुढे नको, ते काम आता पुतण्याकडे किंवा बाहेरच्या माणसाकडे. हे मला कुठल्याच एक्स-रेने सांगितलं नसतं.

स्प्लिंटबद्दल तक्रारी पण आहेत. आतला कापडी मोजा दोनच दिले, गिरणीत दिवसाला एक लागतो, घामाने आणि पिठाने आत अक्षरशः कणिक मळली जाते आणि खाज सुटते. वेल्क्रोत पीठ बसलं की धरत नाही, टूथब्रशने रोज घासावं लागतं. अंगठ्याच्या मुळाशी कड लागत होती, मॅडमनी हेअर ड्रायरसारख्या गरम हवेच्या गनने परत मऊ करून बाहेर वळवली, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आकार जातो. पाचपैकी चार.

मेडिकलमधला रेडीमेड पट्टा यापुढे काहीच नाही, पण फालतू पण नाही. आत एक ॲल्युमिनियमची पट्टी असते, ती वाकवून हाताप्रमाणे करता येते, रात्री झोपताना आणि लांबच्या प्रवासात छान. साइज मात्र घालूनच घ्या, उजवा-डावा वेगळा असतो हे दुकानदार विसरतो. ट्रायल म्हणून त्याचा उपयोग नाही कारण तो वाकतोच. तीन स्टार.

आता निर्णय. सांधा बदलणार नाही, हे पक्कं. दिवाळीच्या भाजणीचा सीझन झाला की नस कापायचं छोटं ऑपरेशन करून घेणार आहे, त्याच दिवशी घरी सोडतात, प्लास्टर नाही. टाके निघेपर्यंत गिरणीत पाऊल टाकायचं नाही, कारण जखमेत पीठ जाणं कुणालाच परवडणार नाही. त्याने भागलं नाही तर पुढे फोर कॉर्नर, ते सुद्धा सीटीमध्ये रेडियस आणि त्याला लागून असलेलं ल्युनेट नावाचं छोटं हाड यांच्यामधला सांधा शाबूत राहिला असला तर, आणि अगदी शेवटी पूर्ण जाम. एक महत्त्वाचं डॉक्टरांनी सांगितलं की नस कापल्याने पुढचा कुठलाच रस्ता बंद होत नाही. उलटीकडून आलं, म्हणजे सांधा बदलला आणि तो फेल गेला, तर तो काढून जाम करता येतं पण मधलं हाड गेलेलं असतं, कमरेचं हाड काढून भरावं लागतं, आणि जुळायला त्रास होतो. तंबाखू आत्तापासूनच सोडतोय, त्याबद्दल घरात माझ्यापेक्षा बाकीच्यांनाच जास्त आनंद.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल दोन जणांनी विचारलं होतं म्हणून लिहितो. मला सुरुवातीला एक दिलं होतं, काही आठवडे मस्त गेले, मग परत तेच. ज्यांना शुगर आहे त्यांनी आधी सांगा, नंतर काही दिवस साखर वर जाते. आणि मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी घेऊन रोज खाणारे आमच्या बाजारपेठेत किती तरी आहेत, ते पोट आणि किडनी दोन्ही खातं, बीपीवाल्यांनी तर लांबच राहावं.

ज्यांना पुण्या-मुंबईत हँड सर्जनकडे जायचंय त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी. ऑर्थोपेडिक आणि प्लास्टिक सर्जन दोन्हीतून हँड सर्जरी शिकलेले डॉक्टर असतात, पाटी बघून घाबरू नका, वर्षात मनगटाची किती ऑपरेशनं करता आणि त्यात रिप्लेसमेंट किती हे सरळ विचारा, चांगला डॉक्टर चिडत नाही. तुमच्या कामाचा मोबाईलवर एक व्हिडिओ काढून न्या, मी गिरणीचा नेला होता, डॉक्टरांनी दोनदा बघितला आणि ओतताना मनगट कुठे वळतं तिथे थांबवून बोट ठेवलं. जुना एक्स-रे असेल तर तोही न्या, कितीही पिवळा पडलेला असो. सीटीची सीडी देतात, ती बऱ्याच ठिकाणी उघडतच नाही, फिल्म मागून घ्या. ओपीडीला पार्किंग नाही, रिक्षाने जा, आणि स्वेटर न्या.

ओपीडीला साडेचार. तो अर्धा एसीचा आणि दोन तासांचा.